परसंगाची गाडी

माझ्याकडे एक लाल गाडी आहे, आणि गेल्या दीड वर्षात तिच्यातून बारा नवरदेव, तीन गणपती आणि ग्रामपंचायतीचा एक पडलेला उमेदवार फिरून आले आहेत. जो माणूस तिच्यात बसून फक्त एकदा घाट बघणार होता, तो पांढरा शर्ट घालून आपल्या ओट्यावर बसून राहिला. गाडी निवडण्यात माझी चूक झाली असं कुणी म्हणू नये. गाडी उत्तम निवडली. चूक एका शब्दात झाली.

मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळल्यावर मला वेळेआधी मोकळं करण्यात आलं. (निरोपाला शाल दिली. मे महिन्यात.) मोकळा माणूस मोबाइल बघतो, तसा मीही बघू लागलो. त्यात एक गृहस्थ रोज येऊन सांगायचे, की आज ज्या जुन्या गाड्या भंगारात चालल्या आहेत, त्यांतल्याच काही उद्या क्लासिक होणार आहेत, फक्त ओळखता आल्या पाहिजेत. गाडी मुळात थोडीच विकली गेलेली असावी. रंग मूळचा असावा. दोन दारांची असली तर फारच छान. चालवायला मजा यावी, खिशाला झेपावी आणि मुख्य म्हणजे ती रोज वापरू नये. यातले बरेच गुण मला माझ्यात दिसले. कुणीतरी आपल्यालाही वेळीच ओळखायला हवं होतं असं वाटून डोळे भरून आले आणि मी गाडी घ्यायचं ठरवलं.

हे मी बायकोला, म्हणजे सुनंदाला, आमच्या लोधिवलीच्या घराच्या ओट्यावर सांगितलं.

"आपल्याकडं बाइक हाय. बाजार तिच्यावर येतो," ती म्हणाली. "मग ही कशाला?"

"ही रोज वापरायची नाही."

"मग कधी वापरायची?"

इथे मी 'मन होईल तेव्हा' म्हणायला हवं होतं. 'मौजेसाठी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण चोपन्न वर्षांच्या माणसाला आमच्याकडे मौज हा शब्द मोठ्याने उच्चारता येत नाही, लोक प्रकृतीची चौकशी करतात. म्हणून मी जरा भारदस्त शब्द शोधला आणि म्हणालो, "प्रसंगाला."

शेजारच्या ओट्यावर बाळारामतात्या वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, हसले आणि परत शेंगांकडे वळले. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे तीन महिन्यांनी कळला.

गाडी पारखायला मी सासऱ्यांना बरोबर घेतलं. आप्पा म्हणजे सुनंदाचे वडील. ती त्यांची एकुलती एक. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये त्यांनी उभा जन्म साहेबांची गाडी चालवली, आता स्टेशनपासून जवळच्या गावात एकटे राहत होते. वय ऐंशीच्या पुढे, लायसन्स संपलेलं, पण गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. मी त्यांना मोबाइलमधल्या गृहस्थांचे सगळे नियम वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ब्रेकचं काय बोलला तो?"

"ब्रेकचं काही बोलला नाही."

"मंग त्याला गाडी येत नाय," आप्पा म्हणाले.

पहिली गाडी खोपोलीत बघितली. लांबलचक, जुन्या टॅक्सीच्या घडणीची, काळी. व्हिडिओतल्या हिशेबाने एकदम राजेशाही. मालकाने दार उघडलं तर आतून तीन कोंबड्या उतरल्या. आप्पांनी बसून ब्रेकवर पाय दिला आणि खालून बारीकसा आवाज आला. मालक वाकून बघत म्हणाला, "अंडं फुटलं वाटतं. एक कोंबडी रोज तिथंच घालते." आप्पांनी बाहेर येऊन गवतावर बूट पुसला. मी तरीही विचार करत होतो, कारण रंग मूळचा होता.

दुसरी जीप, कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर. मालक मुंबईचे, हाफ पँटमधले. जीपचं दार ओढून लावावं लागत होतं, हॉर्न वाजवला की वायपर फिरत होता आणि या सगळ्याला ते 'कॅरेक्टर' म्हणत होते. "हिच्यात कॅरेक्टर आहे. नव्या गाड्यांत कॅरेक्टर नसतं."

"ब्रेक?" आप्पांनी विचारलं.

"ब्रेकमध्ये थोडं कॅरेक्टर आहे."

आप्पा खाली उतरून फाटकाकडे चालू लागले. मला ती जीप सोडवत नव्हती. उघड्या जीपमध्ये डोळ्याला काळा चष्मा लावून बसलेला मी मला स्पष्ट दिसत होतो. पण किंमत ऐकल्यावर तो चष्म्यातला माणूस आपोआप दिसेनासा झाला.

तिसरी ही लाल. खालापुरात एका डॉक्टरांच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. डॉक्टर जाऊन काही वर्षं झाली होती, बाई एकट्याच होत्या. दोन दारांची, ठेंगणी, ज्या कंपनीने काढली ती कधीच बंद पडलेली, आणि मुळात इतक्या थोड्या विकल्या गेल्या की इथे रस्त्यावर कुणी बघितलेलीच नाही. आप्पांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकलं. मग आत बसून अंगणातल्या अंगणात गाडी चार हात पुढे नेली, ब्रेक दाबला. चार हात मागे आणली, ब्रेक दाबला. असं सात-आठ वेळा. डॉक्टरांच्या बाई तुळशीपाशी उभ्या राहून बघत होत्या.

खाली उतरल्यावर आप्पांचा चेहरा वेगळाच झाला होता. "जावईबापू, हीच घ्या," ते म्हणाले. "आणि मला एकदा घाटात न्या."

"आप्पा, घाट तुमच्या पायाखालचा."

"पायाखालचा हाय. डोळ्याखालचा नाय." ते बॉनेटला टेकून उभे राहिले. "साहेब मागं बसून म्हणायचे, ड्रायव्हर, काय सुंदर दरी आहे. नि मी बघायचो पुढच्या ट्रकचा मागला दिवा. किती वेळा घाट चढलो त्याची मोजदाद नाय, पण दरी कशी दिसते ती अजून बघितली नाय."

सुनंदाही आमच्याबरोबर आली होती. ती म्हणाली, "मग एसटीनं जायाचं होतं की कधी. खिडकीला बसून."

"गेलो ना गं. एसटीत पण माझा पाय ब्रेकवरच असतो. ड्रायव्हरचं मानगूट सोडून दुसरीकडं नजर जात नाय." त्यांनी गाडीच्या छतावर हात ठेवला. "हिचा ब्रेक मी बघितलाय. हे गाडी चालवतील, मी बाजूला बसंन. मला बाहेर बघता येईल."

बोलणं एवढंच. मी "पहिल्याच रविवारी" म्हणालो. मनापासून म्हणालो, हे मी आज कुणासमोरही सांगायला तयार आहे. त्याचा उपयोग काहीच नाही.

गाडी घरी आली, कागदपत्रं आणि पासिंग यांत दोन-अडीच महिने गेले. पहिला मोकळा रविवार ठरला. आप्पांना निरोप गेला. शनिवारी सकाळी बाळारामतात्या ओट्यावर आले.

"वसंता, उद्या नातवाचं लगीन हाय रं."

"हो तात्या, येतो ना आम्ही."

"तू येशील रं, गाडीचं काय? तूच बोललास ना, परसंगाला वापरायची. मंग लगीन हा परसंग नाय तं काय हाय?"

तात्यांनी हा शब्द त्या दिवशी वालाच्या शेंगांबरोबर सोलून, निवडून ठेवला होता. मी ज्याला 'कधीमधी' म्हणत होतो, त्याला गाव लग्न, साखरपुडा, बारसं आणि मयत म्हणत होतं. मी मोठ्या मनाने गावाच्या कार्यांसाठी गाडी घेतली, अशी बातमी घरोघर झाली होती. आमच्या आळीत दोन बायकांनी सुनंदाचं त्याबद्दल कौतुकही केलं होतं आणि तिला वाटलं होतं, त्या टोमणा मारताहेत.

"आप्पांना सांगितलंय उद्याचं," सुनंदा आतून म्हणाली.

"पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

दोन दारांच्या गाडीत नवरी बसवणं हा प्रकार तुम्ही पाहिला नसेल. पुढची सीट दुमडायची, मग नवरीला वाकवून, शालूसकट, हारासकट मागे सारायची. बसवताना चार करवल्या लागल्या. उतरवताना तिच्या मुंडावळ्या सीटच्या खटक्यात अडकल्या, आणि नवरी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी मांडवाच्या दारात बराच वेळ राहिली. सासूबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या, निरांजन विझत आलेलं, आणि मी खटका शोधत नवरीच्या पायाशी गुडघ्यावर. फोटोग्राफरने त्याचे भरपूर फोटो काढले. त्यांच्या अल्बममध्ये नवऱ्यापेक्षा माझी पाठ जास्त आहे.

आता इथे मी बिचारा असल्याचं भासवू शकतो. पण खरं सांगतो, मला ते आवडलं. वरात हळूहळू चाललेली, सगळे मोबाइल माझ्या गाडीकडे वळलेले, लोक विचारताहेत, 'कुणाची रं ही?' आणि उत्तरात माझं नाव. कारखान्यात तीस वर्षांत माझं नाव फक्त एखादा माल कमी भरला की घेतलं जायचं. मी स्टीअरिंगवर एक हात ठेवून खिडकीबाहेर दुसरा काढला, तो आजतागायत आत घेतलेला नाही.

मग रांगच लागली. चौकला साखरपुडा. मोहोपाड्याला बारसं, त्यात बाळ झोपलं आणि हॉर्न वाजवू नका म्हणून गाडीपुढे एक आजी चालत गेल्या. पावसाळ्यात गाडी गंजेल म्हणून बाहेर काढायची नाही असा माझा नियम होता, तो गणपतीने मोडला. नाही कुणाला म्हणणार? आणि प्रत्येक रविवारी भिवपुरीहून आप्पांचा फोन.

"आज काय परसंग?"

"गणपती आणायचेत आप्पा, खालच्या आळीचे."

"मंग देवाला नाय म्हणता येत नाय," आप्पा म्हणायचे आणि फोन ठेवायचे. कधी चिडले नाहीत. चिडले असते तर मी गेलो असतो. निवडणुकीत उमेदवार हार घालून माझ्या गाडीतून फिरला, तेव्हा तर त्यांनी नुसतं "निवडून येईल काय?" एवढंच विचारलं. तो पडला, तेव्हा गावातल्या काहींनी गाडीचा पायगुण काढला. मला मनातून आशा वाटली, की आता तरी लोक गाडी मागायचं थांबवतील. लग्नाला पायगुण लागत नाही असं ठरवून ते पुन्हा आले.

अखेर सुनंदाने एक रविवार धरला. तिने शेजारीपाजारी स्वतः सांगून ठेवलं, की उद्या गाडी मिळणार नाही. कुणी का विचारलं तर म्हणाली, "माझा बाप फिरायला जाणार हाय." लोकांना ते पटलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून गप्प बसले.

आम्ही सकाळी निघालो. आदल्या दिवशीच्या लग्नाचे झेंडूचे हार बॉनेटवर तसेच होते, मागच्या काचेवर थर्माकोलची अक्षरं होती. सुनंदा म्हणाली, "ते काढा आधी." मी म्हणालो, भिवपुरीला पोचल्यावर काढू. (हार घातलेली गाडी दिसते छान. दुसरं कारण नाही.)

कर्जतच्या अलीकडे एका लग्नाच्या हॉलसमोर माणसं रस्त्यावर उभी होती. मला बघताच एकाने हात केला, दुसऱ्याने बँजोवाल्यांना खूण केली आणि गाडीपुढे वाजंत्री सुरू झाली. मागून पोरं नाचत आली. पुढे वाजंत्री, मागे नाच, गाडी हलायला जागा नाही. एक बाई भाताचा मुटका आणि पाण्याचा तांब्या घेऊन खिडकीशी आल्या, तीन वेळा माझ्यावरून मुटका ओवाळून टाकला आणि मग नीट बघितलं. चोपन्न वर्षं, टक्कल, शेजारी बायको.

"ह्यो नवरा?" बाई म्हणाल्या.

वाजंत्री थांबली. मुलीचे वडील धावत आले. नवऱ्याची गाडी नेरळजवळ बंद पडली होती, मुहूर्त तोंडावर आला होता, आणि माझी सजवलेली गाडी बघून सगळ्यांना वाटलं, नवरा आला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"दादा, तुमीच देवासारखे आलात. गाडी काय झकास हाय तुमची. पोराला तेवढं घेऊन या ना."

"आमाला भिवपुरीला जायचंय," सुनंदा म्हणाली. "माझे वडील वाट बघतायत."

ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. भोवती पन्नास माणसं, सगळ्यांची नजर गाडीवर. भिवपुरी तिथून काही मिनिटांवर. मी सुनंदाला म्हणालो, "तू जरा बस हॉलमध्ये. मी असा गेलो आणि असा आलो."

गेलो. नवरा आणला, त्याच्या दोन मित्रांसकट. मग त्याच्या आईला आणायला परत गेलो. मग कुणाची तरी बॅग. अक्षता पडल्यावर मला फेटा बांधला, नारळ दिला, व्याह्यांच्या पंगतीत बसवून आग्रहाने जिलेबी वाढली. मी खाल्ली. दोनदा वाढून घेतली. सुनंदा दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

आप्पांच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ते ओट्यावर नव्हते. पांढरा शर्ट आत दोरीवर वाळत होता. ते गंजीफ्रॉकवर चहा करत होते. माझा फेटा बघून त्यांनी आणखी एक कप मांडला.

"आता निघालो तर वर पोचेपर्यंत अंधार पडंल," ते म्हणाले. "दरी दिसायची नाय."

"पुढच्या रविवारी आप्पा, नक्की."

त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला. मग सहज, काहीतरी बराच वेळ शोधून सापडल्यासारखं म्हणाले, "जावईबापू, आपल्या घाटाला काय परसंग नाय ना. म्हणून राहतंय."

मी "तसं नाही आप्पा" म्हणालो. तसंच होतं. मला त्या क्षणी माझी स्वतःची किळस आली आणि तोंडात जिलेबीची चव होती.

दीड महिन्यात आप्पा गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. त्या दिवशी गाडी कुठल्याही लग्नाला गेलेली नव्हती. दारात उभी होती. मला सुटायला एकही सबब उरलेली नव्हती.

अस्थी कुठे न्यायच्या हे विचारायला मी गेलो, तर सुनंदाने आधीच ठरवलं होतं. "घाटावर. इंद्रायणीत. गाडी काढा."

सकाळी मी पुढचं दार उघडून धरलं. मडकं पांढऱ्या फडक्यात बांधलेलं होतं. तिने ते पुढच्या सीटवर ठेवलं. "तू?" मी विचारलं. "मी मागं बसते," असं म्हणून तिने मडकं परत उचललं, सीट दुमडली, ती मागे गेली, मी सीट सरळ केली, तिने मागून हात घालून मडकं ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. खटका पहिल्याच वेळी बसला. खोपोली मागे टाकली.

घाटात गाडी सुरेख चढली. एकदाही गरम झाली नाही. दोन ट्रकच्या मागे ब्रेक दाबावा लागला, तो आप्पा म्हणाले होते तसाच लागला. सुनंदाने मागून हात लांब करून त्यांच्या बाजूची काच खाली केली. हवा स्वच्छ होती, दरी पार खालपर्यंत दिसत होती. ती म्हणाली, "हळू घ्या." मी हळू घेतली. आरशात बघितलं तर ती रडत नव्हती, बाहेर बघत होती, आणि मधूनच मडक्याकडे बघत होती. मी पुढच्या ट्रकचा दिवा बघत होतो.

वर पोचल्यावर चहाच्या टपरीशी गाडी थांबवली. सुनंदाला उतरायचं तर पुढची सीट दुमडायला हवी, आणि सीटवर आप्पा. ती म्हणाली, "मला नको चहा." मी एकटाच उतरलो.

टपरीवर एक गृहस्थ उभे होते. माझ्या वयाचे, हातात पिशवी, चपला झिजलेल्या. त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि आदबीने विचारलं, "रंग मूळचाच हाय ना?"

दीड वर्षात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मूळचा. डागसुद्धा नाही."

"उद्या हिला लई किंमत येणार साहेब. तुमाला पारख हाय." ते जरा घुटमळले. "मुलीचं लगीन काढलंय. खाली खालापूरलाच हाय. नवरदेवाला अशी गाडी असती तर... पण तुमी कुठं देणार."

ते बोलता बोलता खिडकीतून आत वाकले. त्यांना पट्टा लावलेलं मडकं दिसलं, मागे सुनंदा दिसली. चटकन मागे सरले, हात जोडले. "माफ करा. कोण?"

"सासरे."

"राहू द्या, राहू द्या. मी भलत्या वेळी विचारलं."

काच उघडीच होती. सुनंदाला सगळं ऐकू येत होतं. माणूस निघालाही होता, पाठ फिरवून दोन पावलं गेलासुद्धा. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं, बाकी काहीही करायचं नव्हतं.

"अहो," मी हाक मारली. "तारीख कोणती म्हणालात?"